नवनिर्मिती आणि नेतृत्व : एम.ए.च्या वर्गात आणि वर्गाबाहेर

(तळा येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा 'पदवीनंतर काय?' असा नेहमीचा विषय असेल अशी माझी समजूत होती. पण त्यांनी सांगितले की, आपल्याकडील दोन-तीन मुला-मुलींनी 'इनोव्हेशन अँड लीडरशिप' या नावाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी केली आहे, एकाच्या घरी तर माहितीपुस्तक येऊन पडले आहे आणि आईवडिलांना त्यातले ओ की ठो कळत नाही. तेव्हा त्यावरच बोला. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. परंतु शैक्षणिक कर्जाचे कागद रोज हाताखालून जातात, आणि वाचनाची थोडी आवड आहे. एवढ्या भांडवलावर बोलणार आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. 'इनोव्हेशन' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे संगणक आणि मोबाईल उभा राहतो. ज्यांनी हा शब्द अर्थशास्त्रात रुजविला त्या जोसेफ शुंपीटर यांच्या मनात एवढाच अर्थ नव्हता. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी नवनिर्मितीचे पाच प्रकार मानले : नवा माल, माल करण्याची नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा उगम आणि कामाची नवी संघटना. (हे शुंपीटर पुढे व्हिएन्नातील एका बँकेचे अध्यक्ष झाले आणि १९२४ साली ती बँक अडचणीत येऊन त्यांचे पद गेले, अंगावर कर्ज आले. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही!) या पाचांतला शेवटचा प्रकार आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पापड काही नवा नव्हता. लाटणारी प्रत्येक बाई ही मालकीणच, ही रचना नवी होती. त्यातून 'लिज्जत' उभा राहिला. मुंबईचे डबेवाले घ्या. सायकल, लोकल गाडी आणि डब्यावर रंगाने काढलेली खूण, एवढ्याच साधनांवर चालणाऱ्या त्यांच्या कामावर हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० साली अभ्यासप्रकरण तयार केले. मावळ-जुन्नरकडील माणसे काय करतात ते तिथले विद्यार्थी वर्गात बसून शिकतात.

'लीडरशिप' या शब्दाचे मात्र आपल्याकडे फार हाल झाले आहेत. नेता म्हणजे फलकावरचा फोटो, असा अर्थ मुलांच्या मनात बसला तर दोष मुलांचा नाही. अभ्यासक्रमात नेतृत्व म्हणजे ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही अशा माणसांना एका कामासाठी एकत्र आणणे आणि काम होईपर्यंत एकत्र ठेवणे. अमेरिकेतील जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात दोन प्रकारचे नेतृत्व सांगितले. एक देवाणघेवाणीचे : तू मला मत दे, मी तुला रस्ता देतो. दुसरे असे, की ज्यात नेता आणि अनुयायी दोघेही पूर्वी होते त्याहून वरच्या पायरीवर जातात. हा फरक नीट समजला तर निवडणुकीच्या हंगामात पुष्कळ उपयोगी पडेल.

आता हे शिकवितात कोठे? आपल्या राज्यात या दोन विषयांचे शिक्षण वेगवेगळ्या नावांखाली मिळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही १९३६ साली मुंबईतील नागपाडा भागात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय म्हणून निघाली. तेथे २००७ साली सामाजिक उद्योजकतेचा एम.ए. सुरू झाला. त्यात विद्यार्थ्याने एखाद्या सामाजिक प्रश्नावर स्वतःचा उपक्रम उभारून दाखवायचा असतो. संघटना विकास, परिवर्तन आणि नेतृत्व या नावाचा एम.ए.ही त्याच संस्थेचा. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून आहे. पवईची जुनी 'नीटी' २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली. तिच्या जवळच आय.आय.टी.त उद्योजकतेचे वेगळे विद्यालय आहे. आणि घराजवळ बघायचे तर माणगाव ओलांडून महाडकडे जाताना लोणेरे लागते. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. आपली मुले गाडीतून त्याची कमान बघतात आणि पुढे मुंबई-पुण्याच्या जाहिराती वाचत बसतात, हे मला नेहमी विचित्र वाटते.

या वर्गांत शिकवितात काय? हिशेब, बाजारपेठ, माणसांचे वर्तन, संघटनेत बदल कसा घडवावा, नवी कल्पना लोकांत कशी पसरते, हे विषय असतात. त्यासोबत प्रकल्प, क्षेत्रकार्य आणि प्रबंधिका. शिकविण्याची एक पद्धत म्हणजे 'केस'. एखाद्या संस्थेपुढे आलेला पेच दहा-पंधरा पानांत मांडतात आणि विचारतात, 'तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?' उत्तर पुस्तकाच्या शेवटी नसते. वर्गात भांडून ते काढायचे. पाठांतरावर वाढलेल्या मुलांना पहिले सहा महिने हे जड जाते, पण त्यात मजाही आहे.

इथे माझा मुख्य मुद्दा मांडतो. नेतृत्व हा विषय म्हणून शिकता येतो, त्याची साधने शिकता येतात, पण ती साधने ज्या प्रश्नावर चालवायची तो प्रश्न विद्यार्थ्याने घरून न्यावा लागतो. तो ज्याच्याजवळ नाही त्याला पदवी मिळते आणि बहुधा कर्जही मिळते. बाकी फारसे काही मिळत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या समोर तसबिरीत आहे. नुसते हार घालून आपण त्या उदाहरणाचा अभ्यास करायचे टाळतो, म्हणून थोडे तपशिलात जातो. परमपूज्य बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. या तीन वर्षांत त्यांनी काय काय शिकले त्याची नोंद विद्यापीठाजवळ आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. बेरीज साठ होते. या साठांत नेतृत्वाचा एकही नाही! १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरील प्रबंधावर त्यांना एम.ए. मिळाली. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जो प्रश्न महू-सातारा-मुंबईहून बरोबर नेला होता, तो त्यांनी जगातल्या उत्तम प्राध्यापकांच्या टेबलावर शास्त्रीय भाषेत मांडला.

पुढे लंडनचे शिक्षण मध्येच थांबवून १९१७ साली परतावे लागले. १९२० साली पुन्हा जाताना सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेले पैसे होते, शाहू महाराजांची दीड हजारांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते. शैक्षणिक कर्जच ते, फक्त बँकेचे नव्हते. तेथून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी., दोन्ही प्रबंध सार्वजनिक वित्त आणि रुपयाच्या प्रश्नावर.

आणि मग या शिक्षणाचे काय झाले? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, इथून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर आहे. महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी मार्चमध्ये साजरा करतो. आज मी तुम्हांला तो एखाद्या व्यवस्थापन वर्गातल्या 'केस'सारखा वाचायला सांगतो.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा नव्हे, सीताराम केशव बोले असे पूर्ण नाव घेऊ या, त्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्यानुसार ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर होता, पण तळ्यावर कोणी जात नव्हते. आजही कितीतरी योजनांचे असेच आहे. परिषद भरविण्याची खटपट महाड तालुक्यातील रामचंद्र बाबाजी मोरे यांनी केली. परिषद झाली तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी बरोबर होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पाण्याचे तळे समोर आणि पाण्याला चाळीस रुपये! विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. कोणत्याही पेचाचे मर्म असल्या एका आकड्यात असते. २० मार्चला मिरवणूक चवदार तळ्यावर गेली आणि लोक पाणी प्यायले. नंतर गावात हल्ला झाला. आपली माणसे संख्येने कमी नव्हती, पण बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही.

एवढे सर्वांना ठाऊक आहे. मला तुमचे लक्ष डिसेंबरकडे वेधायचे आहे, कारण नेतृत्वाची खरी परीक्षा तिथे आहे. मध्यंतरी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. सनातनी मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला लोक जमले. परिषदेला जागा मिळू नये असा बंदोबस्त होता, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. कोलंबियातले इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम कशासाठी होते ते इथे कळते! रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. आणि तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदविली.

आता स्वतःला त्या जागी ठेवा. समोर जवळजवळ चार हजार माणसे जीव मुठीत घेऊन बसली आहेत. पायी आलेली, भाकरी बांधून आलेली. विरोधक म्हणतात, घाबरले. सरकारचे कलेक्टर सांगतात, कोर्टाचा हुकूम मोडू नका. एक शब्द उच्चारला की सगळे तळ्याकडे निघतील. काय कराल?

बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. वाद झाला, रात्रभर खल झाला, आणि शेवटी लोकांनी मानले. भांडण सरकारशी नाही, तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांशी आहे, सरकारलाही अंगावर घेतले तर दोन आघाड्या होतील, हा हिशेब त्यांनी त्या संतापलेल्या लोकांना समजावून दिला. लोक शहरातून मिरवणुकीने फिरले आणि तळ्याला हात न लावता परतले. नंतर दावा चालला. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ साली बाजूने लागला, अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. दहा वर्षे लागली. पण 'तळे खाजगी आहे, पूर्वापार वहिवाट आहे' हा सनातन्यांचा मुद्दाच कायद्याने मोडून निघाला.

लोकांना पुढे नेणारे पुष्कळ असतात. चेतलेल्या लोकांना थांबवून दाखविणारा, आणि थांबविल्यावरही ज्याच्यावरचा विश्वास तसाच राहतो असा माणूस विरळा. माझ्या मते जगातल्या कोणत्याही नेतृत्वाच्या वर्गात २६ डिसेंबर १९२७ ची ती रात्र शिकवायला हवी. मार्चमधली मिरवणूक आपण गाण्यांतून सांगतो, डिसेंबरची तहकुबी मात्र अडखळत सांगतो, जणू ती उणीव होती. मला ती उणीव वाटत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. रामचंद्र मोरे यांच्याजवळ कॉलेजची पदवी नव्हती. पण माणसे कोण, गावे कोणती, बाजारच्या दिवशी महाडला कोण येतो, ही माहिती त्यांच्याजवळ होती. बाबासाहेबांजवळ जगातील विद्या होती. एकट्याने कोणाकडूनच महाड झाले नसते. हीच जोडी पुढे प्रवरेला दिसते. विठ्ठलराव विखे पाटील चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजचे. भारताच्या औद्योगिक विकासावरचा त्यांचा तिथला एम.लिट.चा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने आला. या दोघांनी लोणीच्या शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले, आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. सहकारी साखर कारखानदारीचे पुढे काय काय झाले तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला बसलो तर संध्याकाळ होईल.

अलीकडचे उदाहरण चेतना सिन्हा यांचे. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या एम.ए. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला राहायला गेल्या. तिथल्या बायकांना थोडी थोडी बचत ठेवायची होती आणि बँका एवढ्या लहान रकमेची खाती उघडायला तयार नव्हत्या. त्यांनी महिलांची सहकारी बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांत अंगठा उठविणाऱ्या बायका होत्या. त्या बायका अक्षरे शिकल्या, आणि चेतनाताईंबरोबर रिझर्व्ह बँकेत जाऊन आपण व्याजाचा हिशेब तोंडी करू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. एम.ए.च्या पदवीने अर्ज लिहिला, पण परवाना बायकांच्या तोंडी हिशेबाने मिळविला. आमच्या बँकिंगमध्येही असा एक बदल झाला आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरुवातीला पाचशे गटांवर केला. तारण नाही, गटाची नोंदणी नाही, एकमेकींची हमी हेच तारण. आज आपल्या वाडीवाडीत गट आहेत. हीही नवनिर्मितीच. तिच्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही.

आता पैशाचे बोलतो. इथे मी अधिकाराने बोलू शकतो.

मागे एक गृहस्थ मुलीला घेऊन काउंटरवर आले. मुंबईत नोकरी, निवृत्तीला चार वर्षे. हातात एका खाजगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपुस्तक. दोन वर्षांच्या नेतृत्व-नवनिर्मितीच्या अभ्यासक्रमाचे शुल्क चौदा लाख. पुस्तकात इमारतीचे आणि कारंज्याचे फोटो भरपूर होते. शिकविणार कोण, पदवी कोणत्या विद्यापीठाची, मागील मुलांना कोठे कामे मिळाली, याची पाने मी शोधत राहिलो. मुलगी हुशार होती, प्रश्न तिनेच विचारले. मी कागदावर हिशेब मांडला. चौदा लाख, व्याज समजा दहा टक्के, फेड दहा वर्षांत : हप्ता महिना सुमारे साडेअठरा हजार. दहा वर्षांत भरायचे बावीस लाखांवर. शिकत असतानाचे व्याज यात धरलेलेच नाही. वडील गप्प झाले. मुलीने पुढल्या वर्षी राज्याची सीईटी दिली, सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळविली आणि शुल्क शिष्यवृत्तीतून भागले.

म्हणून काही गोष्टी लिहून घ्या. एम.बी.ए.-एम.एम.एस.ची राज्याची सीईटी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, कला शाखेला बंदी नाही. गुणांची अट खुल्या वर्गाला पन्नास टक्के, राखीव प्रवर्गाला पंचेचाळीस. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्याहून उत्पन्न जास्त असले तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या माफीची 'फ्रीशिप' आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पण ध्यानात ठेवा, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ही दारे बंद होतात. दरवर्षी दोन-चार घरे इथेच फसतात.

परदेशी जायचे असेल तर राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ विद्यार्थी. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या १२५ जागा. अटी जाहिरातीप्रमाणे बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी कोणाला काय सांगितले यावर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. सयाजीरावांनी एका विद्यार्थ्याला पाठविले होते. आज दोनशे जागा आहेत आणि रायगडच्या खेड्यांतून अर्ज किती जातात?

कर्ज घ्यावेच लागले तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीची सोय आहे, तारण लागत नाही. फेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने सुरू होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पी.एम. विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. ठरावीक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण नाही आणि जामीनदार नाही. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. या योजनेचा एक आडवा फायदा सांगतो : तुमची संस्था तिच्या यादीत नसेल, तर का नाही, हा प्रश्न विचारायला जागा मिळते.

साडेसात लाखांच्या पुढे गेलात की तारण आले, आणि कोकणात तारण म्हणजे डोकेदुखी. सातबारावर सोळा नावे, त्यातली सहा मयत, वारस नोंद झालेली नाही, दोघे काका मुंबईत आणि बोलणे बंद. गावठाणातल्या घराचा कागद सापडत नाही. मुलगा बारावीत असतानाच वारस नोंदी करून घ्या, ही माझी ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे. प्रवेशाची मुदत पंधरा दिवसांची असते, तलाठी कार्यालयातले काम पंधरा दिवसांत होत नाही.

शेवटी प्रश्नाकडे येतो, जो घरून न्यायचा आहे. मुलाखतीत विचारतात, 'तुम्हांला हा विषय का शिकायचा?' आपली मुले सांगतात, 'मला लीडर व्हायचे आहे.' या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. आपल्याकडे प्रश्नांना तोटा आहे का? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा जिल्हा, आणि एप्रिल-मे महिन्यात वाडीवर हंड्यांची रांग. भातशेती ओस पडत चालली, कारण लावणीला माणूस नाही, माणूस मुंबईत भाड्याच्या खोलीत. गावात कुलूपबंद घरे किती, याची कोणी मोजदाद केली आहे का? एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने एका गावाची जरी केली तरी चांगली प्रबंधिका होईल. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तसे आपल्या तालुक्यात कशाला मिळू शकेल?

आणि कुडे. आपल्या तालुक्यातील ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची. तिथले शिलालेख वाचले तर दाते कोण आहेत? सत्ताधीश महाभोजांच्या घराण्यातली माणसे आहेत, आणि त्यांच्याबरोबर माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहे, आणि लेखक आहे. लेखक म्हणजे कवी नव्हे, लेखनिक, माझ्यासारखा कारकून! एवढ्या निरनिराळ्या लोकांनी मिळून डोंगर कोरून घेतला. कामाची वाटणी कोणी केली असेल, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला असेल? पावसाळ्यात तिथे मुंबईचे लोक येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांना दोन तास थांबवून हे शिलालेख समजावून सांगेल असा एक मुलगा किंवा मुलगी तयार झाली, तिने त्यातून चार घरांना रोजगार दिला, तर शुंपीटरच्या पाच प्रकारांपैकी निदान दोन तरी त्यात येतील.

असा एखादा प्रश्न वहीच्या एका पानावर लिहून काढा. किती लोकांचा आहे, किती पैशाचा आहे, आजवर कोणी काय केले आणि ते का फसले, एवढे लिहिता आले तर त्यानंतर अभ्यासक्रमाची निवड सोपी होते. ज्या संस्थेत या पानावर दोन वर्षे काम करायला मिळेल ती आपली. कदाचित ती टाटा संस्था असेल, कदाचित लोणेरे असेल. कदाचित नोकरी सांभाळून इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून शिकावे असेही ठरेल. त्यात कमीपणा नाही.

मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात विहारात असतो. शिष्यवृत्तीचे किंवा कर्जाचे अर्ज भरायचे असतील त्यांनी गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन याव्यात. ज्यांचे जात पडताळणी प्रमाणपत्र अजून आलेले नाही त्यांनी पावती तरी आणावी. आणि ते वहीचे पान विसरू नये, मी आधी तेच मागणार आहे.

जयभीम!